पायाला मुंग्या, चालताना झोक आणि गव्हाचा संशय: तपासण्या आणि पथ्य, गोव्यात राहून

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात पणजीच्या बसस्टँडवर कदंबमधून उतरले, पाच-सहा पावलं चालले आणि मागून कंडक्टर ओरडला, "बाय, चप्पल!" माझी उजवी चप्पल बसच्या पायरीवर राहिली होती. लोक हसले, मीही हसले. पण पायातून चप्पल निघाली हे पायाला कळलंच नव्हतं, आणि ओल्या फरशीवर अनवाणी चालतेय हेही कळत नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे तोंड धुताना झोक जायला लागला. तोंडावर साबण, डोळे बंद, की मी बेसिनच्या नळाला धरून उभी. मग जिने उतरताना भीती, दुपारी ऑफिसात आकडे मांडताना सुचेनासं होणं. चार डॉक्टर, एक जाडजूड फाइल आणि घरच्यांची "वात असेल"पासून "कोणाची तरी दृष्ट"पर्यंत सगळी निदानं पार करून मी आज बऱ्यापैकी चालते. फाइलवर मात्र अजून "संशयित" हाच शब्द आहे. मी डॉक्टर नाही. ज्या चुका मी केल्या त्या तुम्ही करू नयेत, एवढ्यासाठी हे लिहितेय.

१. आधी बघा, हे थांबण्यासारखं आहे का

खालचं काही होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा: अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, आयुष्यात कधी दुखलं नव्हतं असं डोकं दुखणं. पायापासून सुरू होऊन तासा-दिवसांत वर चढत जाणारी कमजोरी, लघवी अडकणं किंवा कळेनाशी होणं, बसतो त्या जागेचा बधिरपणा, हेही तसंच. "अंगावरून वारं गेलं असेल, तेल लावू" म्हणत सकाळची वाट बघायची नाही.

महिनोन् महिने हळूहळू चाललेल्या मुंग्या, बधिरपणा, झोक, थकवा यांच्यासाठी पुढची पानं आहेत.

२. गहू सोडू नका. अजून नाही

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. मामी म्हणाली, "चपाती सोड गो, माझ्या नणंदेला फरक पडला." सोडली. पोदेराला, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याला, सांगितलं, आमच्या दारात थांबू नको. महिन्याभरात पोट हलकं वाटलं, डोकंही थोडं चालायला लागलं. चार महिन्यांनी एका डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी लिहिली, ती निगेटिव्ह आली. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "गहू खाता ना?" म्हटलं, चार महिने बंद आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

कारण साधं आहे. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव (बार्ली) आणि राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच विरोधात अँटिबॉडी बनवतं आणि लहान आतड्याच्या अस्तराचं नुकसान होतं. तपासणी या अँटिबॉडी मोजते. ग्लूटेन बंद केलं की त्या हळूहळू कमी होतात, अस्तरही भरून येऊ लागतं. मग रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आजार नाही म्हणायचं की पथ्यामुळे तो दिसत नाही म्हणायचं, हे कोणालाच सांगता येत नाही.

मला पुन्हा गहू सुरू करावा लागला. सर्वसाधारण सल्ला असतो तो रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात ग्लूटेन, किमान ६ आठवडे. पोदेर सकाळी भोंगा वाजवत आला की दोन गरम पोय (गव्हाचे पाव) घ्यायची आणि औषधासारखी चहाबरोबर खायची. दारात उभं राहून पोय खाताना डोळ्यांत पाणी आलेली बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. तिसऱ्या आठवड्यात ऑफिसचा जिना पुन्हा जड झाला.

गहू आधीच सोडला असेल तर स्वतःच्या मनाने परत सुरू करू नका. चालण्याचा त्रास जास्त असेल तर तो डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा निर्णय आहे. आणि अजून सोडला नसेल तर तपासण्या होईपर्यंत नेहमीसारखं खा. आम्ही शीत-हुमणावर, म्हणजे भात आणि माशांच्या आमटीवर, वाढलेली माणसं, आमच्या ताटात गहू येतो तो मुख्यतः पोदेराच्या टोपलीतून. म्हणून "मी रोज गहू खाते" हे खरं आहे का, तेही एकदा बघा. आठवड्यातून दोनदा पाव खाणाऱ्याने तेही डॉक्टरांना सांगावं.

३. एक वही करा

मोबाइलवर नाही, शंभर पानी वही. रोज पाचच ओळी: काय झालं, किती वाजता, किती वेळ टिकलं, त्या दिवशी काय खाल्लं आणि झोप कशी झाली. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी.

"चक्कर येते" असं लिहू नका. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हाच: भोवती सगळं फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो? तिन्हीची कारणं वेगळी. मी दोन महिने "चक्कर" म्हणत राहिले आणि कानाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारल्या. "डोळे मिटले की झोक जातो" असं सांगितलं त्या दिवशी गाडी रुळावर आली. उघड्या डोळ्यांनी उभं राहता येतं आणि मिटल्यावर तोल जातो, याचा अर्थ पायांकडून मेंदूला मिळणारी खबर कमी पडते आहे आणि डोळे ती भरून काढताहेत. डॉक्टर तुम्हाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतात ते यासाठीच.

घरच्या कोणाला तरी तुमचं चालणं मोबाइलवर काढायला सांगा, समोरून आणि मागून. ओपीडीत नेमकं त्या दिवशी आपण सरळ चालतो.

४. गोळी-इंजेक्शनच्या आधी रक्त द्या

मुंग्या म्हटलं की आपल्याकडे बी-१२ चं इंजेक्शन ठरलेलं. बी-१२ ची कमतरता हे मुंग्यांचं नेहमीचं आणि बरं होण्यासारखं कारण आहे, त्यामुळे त्यात चूक नाही. चूक आहे ती आधी इंजेक्शन आणि मग तपासणी करण्यात. माझं तसंच झालं. एका क्लिनिकमध्ये पहिल्याच दिवशी इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांनी केलेल्या रिपोर्टात बी-१२ मोजमापाच्या वरच्या टोकाला. पुढच्या डॉक्टरांनी लिहिलं: कमतरता नाही. वर्षभराने कपाट आवरताना ऑफिसच्या आरोग्य तपासणीचा जुना कागद सापडला, त्यात बी-१२ १४० होतं. साधारण २०० च्या खाली कमी धरतात.

जुने कागद फेकू नका ते यासाठी. बी-१२ सीमेवर असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलॉनिक आम्ल ही पुढची तपासणी असते, तीही विचारा.

आणखी एक सापळा. बी-कॉम्प्लेक्सच्या ताकदीच्या गोळ्यांमध्ये बी-६ असतं. ते जास्त मात्रेत बरेच महिने घेतलं तर त्यानेच पायाला मुंग्या येतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी, तीच तक्रार गोळीने. दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या चालू असतील तर पट्ट्या घेऊन जा. केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिन थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवतं, तेही सांगा.

न्यूरोपथीच्या, म्हणजे नसांच्या बिघाडाच्या, पहिल्या रक्ततपासणीत सहसा साखर आणि एचबीए१सी, थायरॉइड, बी-१२, हिमोग्राम, मूत्रपिंड-यकृत, डी जीवनसत्त्व असतं. डॉक्टर गरजेप्रमाणे तांबं, ई जीवनसत्त्व, एचआयव्ही, सिफिलिस वाढवतात. एचआयव्ही लिहिलं म्हणून चिडू नका. मीही चिडले होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ आवर्जून बघायला सांगा, त्या औषधाने ते कमी होतं. रोजची दारू हेही कारण असू शकतं, तेव्हा पेग मोजून खरे सांगा.

५. न्यूरोलॉजीला जाताना

गोव्यात सरकारी वाट बहुतेकांची एकच: आधी आरोग्य केंद्र किंवा जिल्हा इस्पितळ, तिथून चिठ्ठी घेऊन बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजे आपलं जीएमसी. कोणत्या दिवशी कोणती ओपीडी असते ते आधी फोन करून किंवा तिथे गेलेल्या माणसाकडून विचारून घ्या. पेडणे-काणकोणहून निघणाऱ्याचा फुकटचा दिवस वाचतो. सकाळी लवकर जा, डबा आणि पाणी घेऊन जा, आणि तोल जात असेल तर सोबत कोणी तरी हवंच.

सोबत न्यायचं:
– आधार कार्ड, आधीचा केसपेपर, असेल तर चिठ्ठी
– दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, पण घरी ठेवून उपयोग नाही
– सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, नवा सर्वांत वर. एमआरआयची फिल्म किंवा सीडी, नुसता कागद पुरत नाही
– चालू औषधांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट. काही भस्मांत शिसं-पारा सापडतो आणि त्याने नसा बिघडतात
– वही, आणि तिच्या पहिल्या पानावर पाच ओळींचा सारांश. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, ते तेवढंच वाचतात

एमआरआय नॉर्मल आला की घरचे पेढे आणतात. तो आला याचा अर्थ गाठ, मोठा झटका, एमएसचे (मल्टिपल स्क्लेरोसिस) डाग असं काही दिसलं नाही, हे चांगलंच. पण पायातल्या नसा मेंदूच्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. त्यासाठी नर्व्ह कंडक्शनची तपासणी असते, विजेचे बारीक झटके देऊन करतात. दुखतं म्हणण्यापेक्षा चिडचिड होते. तीही जाड नसाच मोजते. जळजळ आणि टोचल्यासारखं होणं ज्या बारीक नसांमुळे असतं, त्या बिघडल्या तरी हा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य मला तीनदा ऐकावं लागलं. एकदा ते अपमानासारखं होतं. पण एक सांगते: फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर नावाचं खरंखुरं निदान आहे, ते तपासताना दिसणाऱ्या ठरावीक खुणांवरून करतात, आणि फिजिओथेरपीने त्यात फरक पडतो. डॉक्टरांनी ते नाव घेतलं तर "म्हणजे मी नाटक करते?" असं विचारू नका, "कोणत्या खुणेवरून?" असं विचारा. खूण दाखवता येत असेल तर ऐका. फक्त रिपोर्ट नॉर्मल म्हणून कोणी ते नाव चिकटवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

६. ग्लूटेनच्या तपासण्या

"पोटाचा काही त्रास नाही, मग सिलिअ‍ॅक कसं?" हा प्रश्न मला एका डॉक्टरांनीच केला. पोट शांत असताना फक्त नसा किंवा तोल बिघडू शकतो, हे शेफील्डचे न्यूरोलॉजिस्ट मारिओस हाजिवासिलिऊ यांनी १९९० च्या दशकापासून मांडलं आहे. ग्लूटेन अ‍ॅटॅक्सियामध्ये मार बसतो तो लहान मेंदूला, तोल सांभाळणाऱ्या भागाला. त्यात ज्या अँटिग्लियाडिन अँटिबॉडी बघतात त्या निरोगी माणसांतही सापडतात, त्यामुळे तेवढ्या एका कागदावर कोणी निदान केलं तर सावध राहा.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. सिलिअ‍ॅक उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला, दक्षिणेत त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे भातखाऊ मुलखात डॉक्टरांच्या डोक्यात ते चटकन येत नाही. तुम्ही विचारलंत तर बिघडत नाही.

क्रम असा:

पहिली, टीटीजी-आयजीए, म्हणजे वर सांगितलेल्या अँटिबॉडी मोजणारी रक्ततपासणी, आणि तिच्याबरोबर टोटल आयजीए. दुसरी बरेचदा लिहायची राहते. ज्याच्या शरीरात आयजीए या प्रकारची अँटिबॉडीच कमी बनते त्याची पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येते.

मग एंडोस्कोपी. इथे सापळा मोठा आहे. अ‍ॅसिडिटीसाठी केलेल्या एंडोस्कोपीत जठराचा तुकडा घेतात, लहान आतड्याचा नाही. आधीच सांगा की सिलिअ‍ॅकसाठी ड्युओडेनमचे, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे, तुकडे हवेत, चार किंवा जास्त, कारण नुकसान ठिकठिकाणी असतं आणि एकाच तुकड्यात ते सापडेलच असं नाही. नुसत्या दुर्बिणीला सगळं नॉर्मल दिसलं याचा अर्थ फार नाही.

एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची तपासणी. ही गहू सोडलेला असतानाही चालते. दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. असतील तर काही सिद्ध होत नाही, कारण दर तीन माणसांत जवळपास एकात ती असतात.

माझं काय झालं: टीटीजी रेषेच्या किंचित वर, तुकड्यांत पेशी वाढलेल्या पण अस्तर शाबूत, डीक्यू२ आहे. म्हणजे ना हो, ना नाही. बी-१२ आधीच सुरू होतं, त्याने तीन महिन्यांत बधिरपणा कमी झाला होता, झोक मात्र तसाच होता. डॉक्टर म्हणाले, वर्षभर कडक पथ्य, मग पुन्हा बघू.

आणि सगळंच निगेटिव्ह येऊनही गहू सोडल्यावर बरं वाटत असेल तर? त्याला सिलिअ‍ॅक नसलेली ग्लूटेन-संवेदनशीलता म्हणतात. त्याची रक्ततपासणी नाही. काहींना ग्लूटेनचा नव्हे, गव्हातल्या फ्रुक्टन नावाच्या साखरेचा त्रास होतो. ती कांदा-लसणीतही असते, तेव्हा वहीत कांद्याकडेही लक्ष ठेवा.

७. पथ्य, गोव्याच्या स्वयंपाकघरात

चांगली बातमी आधी: उकड्या तांदळाची पेज, शीत-कडी, नाचणीचं तिझन, घावन, सान्नां, पातोळ्यो, दोदोल, सोलकढी. आजीचं ताट जवळजवळ सगळं चालतं. पंजाबात हे पथ्य करणारीचा विचार करा.

आता जिथे मी फसले ते.

रव्यात घोळून तळलेलं नुस्तें (मासे). रवा गव्हाचा. सहा महिने मी चपाती सोडून रोज इसवण (सुरमई) खात होते, रव्यात तळलेला, आणि पथ्याचा उपयोग नाही म्हणून रडत होते. घरी तांदळाच्या पिठात घोळा, छान कुरकुरीत होतं. हॉटेलात "रवा नको" सांगितलं तरी तेल आणि तवा तोच असतो, हे लक्षात असू द्या.

हिंग. डबीतला बांधानी हिंग बहुधा मैद्यात मळलेला असतो. डबीवर घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो.

गिरण. तांदूळ-नाचणी आपली शुद्ध, पण आधी कोणीतरी गहू दळलेला असतो आणि जात्यात तो उरतो. मी घरीच मिक्सरवर दळते. तुमच्याकडून ते होत नसेल तर गिरणवाल्याला गाठून आठवड्यातला एक दिवस पहाटेचा पहिला घाणा मागा आणि पहिलं किलोभर पीठ सोडून द्या. धोका कमी होतो, संपत नाही.

वडे. कोंबडीबरोबरच्या वड्यांच्या पिठात अनेक घरी मूठभर गहू असतो. विचारल्याशिवाय हात घालू नका.

याशिवाय शेवया, दलिया, सोया सॉस, माल्टची पौष्टिक पेयं, बिअर, बिबिंक, नेवऱ्यो. ओट्स मुळात गव्हाचे नाहीत, पण भेसळ नेहमीची. काजूची फेणी आणि हुर्राक यांत ग्लूटेन नाही, पण झोक जाणाऱ्या माणसाने तो आनंद जपूनच घ्यावा.

पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहिण्यासाठी एफएसएसएआयची (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. "व्हीट-फ्री" म्हणजे ग्लूटेन-फ्री नव्हे, त्यात जव असू शकतं. महाग बिस्किटांच्या मागे लागू नका. पोळपाट-लाटणं, गाळणी आणि लाकडी डाव तेवढे वेगळे करा, बाकी भांडी नीट घासली की चालतात.

सण-समारंभात खरी परीक्षा. सत्यनारायणाचा शिरा नाकारणं म्हणजे देवाला नाकारणं, असं आमच्या वाड्यावर समजतात. मी आधीच यजमानीणबाईंना फोन करते आणि केळ-पंचामृताचा प्रसाद मागते. "थोडासा खा, काही होत नाही" म्हणणाऱ्यांशी वाद घालत नाही, कपाळाला लावून पुडी बांधून घेते.

८. मधल्या काळात पडू नका

नसा आणि तोल सुधारायला महिने लागतात, कधी वर्ष, आणि जितकी जुनी दुखापत तितकी सुधारणा अपुरी. टीटीजी वाढलेली असेल तर ती साधारण सहा महिने आणि वर्षाने परत बघतात. बी-१२, लोह, डी, आणि सिलिअ‍ॅक ठरलं तर हाडांची घनताही बघून घ्या. ठरलं तर आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी लागते, त्यांच्यात दहातल्या एकाला ते असू शकतं.

तोवर घर बघा. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ चढतं, ते खरवडून घ्या. न्हाणीत भिंतीला एक दांडी, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा. आंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने तपासा. रोज रात्री तळपाय उजेडात बघा, जखम झालेली कळत नाही. पट्टा नसलेली चप्पल बंद. स्कूटर मी वर्षभर नवऱ्याच्या मागे बसूनच केली, आणि ते पथ्यापेक्षा जड गेलं.

पोदेर अजून सकाळी येतो. घरच्यांसाठी चार पाव घेते, वेगळ्या डब्यात ठेवते, मग हात धुते. मागच्या महिन्यात तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि नळ धरायचा राहून गेला. पाणी मारून डोळे उघडले तेव्हा कळलं, दोन्ही हात मोकळे होते.